फॅमिली फ्लोटर मेडिक्लेम, 3 लाख: चार वर्षं हप्ते भरले, यंदा पहिल्यांदा वापरली (5 पैकी 2 स्टार)

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. ज्या अटींमुळे आमचे पैसे गेले त्या अटी मी नंतर ओळखीच्या सहा-सात जणांच्या पॉलिसीत शोधल्या, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या कागदात जवळपास त्याच निघाल्या. मग एकाच कंपनीला शिव्या घालून काय मिळणार, त्यापेक्षा हे वाचून आपापली पॉलिसी कपाटातून काढून बघा. मोठं झालंय लिहिणं, पण कोकणातल्या माणसाने मेडिक्लेम घेताना काय बघायचं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सगळं लिहितेय.

आम्ही राजापूर तालुक्यातले. घरची हापूसची कलमं आहेत, उन्हाळ्यात पेट्या आणि मे-जूनमध्ये आमरस, फणसपोळी, आगळ वगैरे. घरात सासरे (अण्णा, वय 71), सासूबाई 66, हे, मी आणि मुलगी. पॉलिसी 2021 ची, पाचही जणांना मिळून वर्षाला 3 लाखांची, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गावात जी धावपळ बघितली त्याने घाबरून घेतलेली. एजंट गावातलेच, माणूस वाईट नाही, पण त्यांनी तेव्हा दोन कोटेशन समोर ठेवली, एक आमचं हे आणि दुसरं 5 लाखांचं जे वर्षाला बरंच महाग होतं, आणि म्हणाले 'वहिनी, कव्हर कव्हरच असतं, हे घ्या, परवडेल'. आम्ही हप्ता बघितला आणि सही केली. ह्या आजारपणाआधीचा शेवटचा हप्ता 31,000 अधिक 18 टक्के जीएसटी असा 36,580 भरलेला. आमच्यासारख्यांना ही रक्कम छोटी नाही, ऑक्टोबरमध्ये बागेत खत-फवारणीचा खर्च सुरू होतो त्याच वेळी हा हप्ता येतो.

आता एप्रिलमधली गोष्ट. पेट्या भरण्याचं काम चालू होतं, अण्णा गवतावर बसून आंबे निवडत होते, नंबर लावणं अजून त्यांच्याच हातात आहे. सकाळी अकराच्या सुमारास म्हणाले छातीत जळजळतंय, पित्त झालंय, सासूबाईंनी कोकम सरबत दिलं, ते प्यायले आणि परत निवडायला बसले. पाऊण तास असाच गेला. मग मी डबा द्यायला गेले तर शर्ट पाठीला चिकटलेला, आणि हातातला आंबा खाली ठेवता येत नव्हता, म्हणजे बोटं उघडतच नव्हती त्यांची. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर, की आपल्याकडे छातीतली जळजळ म्हणजे पित्त आणि पित्तावर कोकम हे इतकं अंगवळणी पडलंय की पन्नाशीच्या पुढच्या माणसाला घाम फुटला असेल तर सरबत करत बसू नका, 108 लावा. 108 आली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढून लगेच गोळ्या चघळायला दिल्या, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की आत्ता धोका टळलाय पण 24 तासांच्या आत अँजिओग्राफी झाली पाहिजे, कुठे नेणार ते ठरवा. एक रुपया लागला नाही. राज्यात आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांमध्ये 15 ऑगस्ट 2023 पासून सगळं मोफत आहे, केस पेपरचेसुद्धा पैसे घेत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या मते अण्णा वाचले ते तिथेच, पुढचं सगळं नंतरचं.

कुठे नेणार, हा प्रश्न कोकणात विचारला की घरातले सगळे फोन एकदम वाजायला लागतात. धाकटे दीर डोंबिवलीला, ते म्हणाले वहिनी मुंबईला आणा, इथे सगळं आहे, पण मुंबई-गोवा हायवेने आठ-नऊ तास अॅम्ब्युलन्समध्ये झोपवून न्यायचं कोणाच्या जिवावर. माझं माहेर बांद्याचं, माझी आई फोनवर एकच बोलत होती, 'तेंका सरळ बांबोळीक व्हरा', कारण त्या बाजूच्या माणसाला दवाखाना म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच, माझे वडीलसुद्धा तिथूनच बरे होऊन आले होते. पण जानेवारी 2018 पासून तिथे गोव्याबाहेरच्या पेशंटला पैसे लागायला लागले, दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्यावर केवढं आंदोलन झालं होतं, तेव्हा मला गोव्याचा राग आला होता, आता विचार करते तर वाटतं त्यांनी त्यांच्या लोकांच्या पैशाने बांधलेलं हॉस्पिटल, त्यांच्याच लोकांना खाट मिळेना म्हणून त्यांनी तो निर्णय घेतला, प्रश्न आपल्या बाजूचा आहे की आपल्या जिल्ह्यात ते का नव्हतं. सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेज 2021 ला आलं आणि रत्नागिरीत 2023 ला. म्हणजे इतकी वर्षं आपण घाट चढत नाहीतर पत्रादेवी ओलांडत होतो.

शेवटी ठरवलं कोणी, तर कंपनीच्या अॅपने. ह्यांनी नेटवर्क हॉस्पिटलची यादी उघडली, आमच्या तालुक्यात शून्य, जिल्ह्यात जी होती ती डोळ्यांची आणि बाळंतपणाची, हार्टचं सगळ्यात जवळचं कोल्हापूर. डॉक्टरांनी किंवा आम्ही ठरवलं नाही, कॅशलेस कुठे मिळेल त्याने ठरवलं. ओणी, पाचल आणि अणुस्कुरा घाट, तीन तास. एप्रिल होता म्हणून बरं, हाच प्रकार जुलैत झाला असता आणि घाटात दरड आली असती तर काय केलं असतं हे आजही मनात येतं. प्रायव्हेट कार्डिअॅक अॅम्ब्युलन्सचे 9,000 झाले, पॉलिसीत अॅम्ब्युलन्सला मर्यादा 2,000. कोकणातल्या माणसाला ही 2,000 ची मर्यादा काय कामाची, ज्याला हॉस्पिटल पाच किलोमीटरवर आहे त्याच्यासाठी लिहिलेली आहे ती.

आता कंपनीचं चांगलं तेही सांगते. काउंटरवर कार्ड दिल्यापासून पहिलं अॅप्रूव्हल सव्वा तासात आलं, नियम एक तासाचा आहे पण रात्रीची वेळ होती, मला तक्रार नाही. डिपॉझिट मागितलं नाही. त्या वेळी खिशात फार तर 12-13 हजार होते, आंब्याचे पैसे वाशीहून यायचे होते, कार्ड नसतं तर दागिने घेऊन फिरावं लागलं असतं. दोन स्टार त्यासाठीच आहेत.

काउंटरवरच्या मुलाने अजून एक विचारलं होतं, 'योजनेत घ्यायचं की मेडिक्लेममध्ये?' योजना म्हणजे राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना. मी पटकन म्हटलं मेडिक्लेम. मला वाटलं योजना पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची, आपलं पांढरं कार्ड, आणि आपण हप्ते भरलेत तर जनरल वॉर्डात कशाला. दोन्ही समज चुकीचे होते, त्यावर पुढे येते.

दोन दिवस आयसीयू, दुसऱ्या दिवशी दोन स्टेंट घातले. तिसऱ्या दिवशी बाहेर आणायचं म्हटल्यावर सिस्टर म्हणाली रूम कोणती सांगा. जनरल 1,500, ट्विन शेअरिंग 2,800 पण फुल, सिंगल 4,500. आमच्या पॉलिसीत रूमची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. ह्यांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या हिशेब केला, दिवसाला 1,500 जास्त, चार दिवसांचे 6,000, अण्णांना झोप लागत नाही, सासूबाईंना पण बाजूला झोपता येईल, देऊ आपण 6,000. मीही म्हटलं हो. अर्ध्या मिनिटाचा निर्णय. त्या अर्ध्या मिनिटात टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) डेस्कवरची मुलगी, सिस्टर, कोणीतरी एवढं म्हणायला हवं होतं की ताई, फक्त 6,000 नाही जाणार तुमचे, जनरलमध्ये दोन दिवस काढा, ट्विन रिकामी झाली की देतो. कोणी नाही म्हटलं.

डिस्चार्जचा दिवस. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले घरी न्या. अण्णांना मी धोतर नेसवून, पिशव्या भरून, व्हीलचेअरवर बसवून बिलिंगसमोर आणलं आणि तिथे आम्ही संध्याकाळी साडेसहापर्यंत बसलो. कंपनीकडून क्वेरी आली की बीपी कधीपासून आहे त्याचा जुना कागद पाठवा, आता तो कागद राजापूरला घरी, सासूबाईंच्या डब्यात, शेजारच्या मुलाने जाऊन फोटो काढून पाठवला तेव्हा दीड वाजला. मग अजून एक क्वेरी. अण्णांना दुपारी तिथेच खुर्चीवर पेज भरवली. दर पंधरा मिनिटांनी मी खिडकीत जायचे आणि तो मुलगा स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवायचा, 'पेंडिंग'. मला नंतर कळलं की आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 29 मे 2024 च्या परिपत्रकात डिस्चार्जचं अॅप्रूव्हल तीन तासांत द्यायचं असं स्पष्ट आहे, आणि त्यापेक्षा उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचे. तुम्ही असे बसलेले असाल तर हे तीन तास काउंटरवर मोठ्याने सांगा, मला तेव्हा माहीत असतं तर मी सांगितलं असतं. रात्री घाट उतरायचा म्हणून गाडीवाल्याने जास्तीचे 1,500 घेतले, तेही आमचेच.

बिलाचं आता नीट सांगते कारण सगळं इथेच आहे. एकूण बिल 2,52,400. त्यात सिंगल रूम चार दिवसांचे 18,000, आयसीयू 12,000, डॉक्टर, कॅथलॅब (स्टेंट घालतात ती खोली), नर्सिंग मिळून 96,000, दोन स्टेंट 76,000, औषधं आणि तपासण्या 41,000, आणि ग्लोव्हज, किट वगैरे 9,400. पॉलिसी 3 लाखांची, बिल त्याच्या आत, मग मला वाटलं फार तर रूमचे 6,000 आणि ग्लोव्हजचे 9,400 भरावे लागतील. हातात कागद आला त्यावर लिहिलं होतं पेशंटने भरायचे 1,19,600.

मी तीनदा वाचलं. मग टीपीएच्या मुलीने समजावलं. तुमची मर्यादा 3,000 ची, तुम्ही घेतली 4,500 ची, म्हणजे तुम्ही लायक आहात त्याच्या दीडपट रूम घेतलीत, म्हणून बाकीचं बिलसुद्धा त्याच प्रमाणात कापतात, तीनातले दोन हिस्से कंपनीचे आणि एक तुमचा. ह्याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. मागे कारण आहे, ते नाकारत नाही, बऱ्याच हॉस्पिटलात डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, ओटी ह्या सगळ्याचे दर रूमच्या कॅटेगरीवर ठरतात, सिंगलवाल्याला तोच डॉक्टर जास्त पैशात तपासतो. पण मग हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे ना. आमच्या कागदात 1 टक्का एवढंच पहिल्या पानावर आहे, बाकीचं कापलं जाईल हे आत कुठेतरी तीन ओळींत. आणि हे सगळं कापून जे उरलं त्यावर परत 20 टक्के को-पे, म्हणजे तेवढा हिस्सा आपणच भरायचा, कारण अण्णा पॉलिसीत आले तेव्हा साठीच्या पुढचे होते. को-पे हा शब्द एजंटांनी चार वर्षांत एकदाही काढला नव्हता.

पैसे कसे भरले ते लिहीत नाही, दिरांनी पाठवले आणि थोडे उसने.

आता मगाशी राहिलेलं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी खाली जनरल वॉर्डात गेले होते, कारण पाचलच्या बाजूचं एक कुटुंब लिफ्टमध्ये भेटलं होतं, त्यांच्या वडिलांना पण स्टेंट. तोच डॉक्टर, तीच कॅथलॅब. मोठा हॉल, पंखे, बारा-चौदा खाटा, नातेवाईकांसाठी एक स्टूल. चादरी स्वच्छ होत्या. त्यांचा मुलगा म्हणाला योजनेतून झालं, बिल शून्य, दोन वेळचं जेवण हॉस्पिटलचं, आणि जाताना एसटीचं भाडंसुद्धा मिळतं म्हणतात. मी विचारलं पिवळं कार्ड का, तर म्हणाला नाही हो, आता कुठलंही रेशनकार्ड चालतं, पांढरंसुद्धा. खरं होतं ते. 2012 ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तेव्हा ती पिवळ्या-केशरीवाल्यांची होती आणि कव्हर दीड लाख, पण जुलै 2023 च्या जीआरने ती सगळ्यांना लागू केली आणि 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला 5 लाखांपर्यंत. म्हणजे काउंटरवर तो मुलगा विचारत होता तेव्हा आम्ही बसत होतो त्यात. त्याउपर अण्णा 71 चे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर वेगळे 5 लाख, आणि प्रायव्हेट मेडिक्लेम असला तरी चालतं. ग्रामपंचायतीत कॅम्प झाला होता, आम्ही गेलो नव्हतो, आपल्याकडे मेडिक्लेम आहे म्हणून.

पण योजना म्हणजे सगळं छान असंही नाही सांगत. त्या पाचलवाल्यांना आधी एका दुसऱ्या ठिकाणाहून 'योजनेची खाट रिकामी नाही' म्हणून परत पाठवलं होतं, मधले तीन तास फुकट गेले. बिलिंगच्या एका वयस्कर माणसाशी मी बोलले, तो म्हणाला ताई, योजनेत पॅकेज ठरलेलं असतं, त्यात भागवायचं, आणि सरकारकडून पैसे महिनोन्महिने येत नाहीत, म्हणून बरीच हॉस्पिटलं खाटा हातचं राखून देतात. त्याचंही बरोबर वाटलं. सरकारने दर कमी ठेवला तर हॉस्पिटल दार लोटून घेतं, वाढवला तर तेच पैसे कुठून तरी काढायला लागतात, मग आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात फिजिशियनची जागा रिकामी राहते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की 2025 पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. तो पैसा विम्याच्या कार्डात घालायचा की अणुस्कुराच्या अलीकडे एक कॅथलॅब आणि तिला लागणारी माणसं उभी करण्यात घालायचा, मला विचाराल तर मी दुसरं सांगेन. 5 लाखांचं कार्ड खिशात आहे आणि ते वापरायला तीन तास घाट चढायचाय, तर छातीत दुखणाऱ्या माणसाला त्या पाच लाखांपेक्षा ते तीन तास जास्त महाग आहेत. शहरातल्या लोकांना हे कदाचित पटणार नाही, त्यांना हॉस्पिटल आहेच, पैसे नाहीत. आमचं दोन्ही नाही.

आणि सरकारने ठरवलं तर जमतं हेही त्याच बिलात दिसलं. स्टेंटचे डब्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले असतात, ते बघून घ्या, त्यावर एमआरपी असते, आमचे एकेक 38,000. ज्या काकांना 2015 मध्ये स्टेंट पडला ते म्हणाले तेव्हा एकाचेच लाखाच्या वर घेतले होते. फेब्रुवारी 2017 मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारी सरकारी संस्था) औषधवाल्या स्टेंटची किंमत 29,600 वर बांधून टाकली, मधे एकदा थोडी उतरून आता वाढत वाढत 38-39 हजारांच्या आसपास आलीय. तेव्हा कंपन्यांनी केवढी ओरड केली होती. स्टेंट मिळायचे थांबले नाहीत. पण कॅथलॅबचे, रूमचे, व्हिजिटचे दर असे कोणी बांधलेले नाहीत, आणि माझ्या बिलातला सगळ्यात मोठा आकडा तोच, 96,000.

तक्रारीचं सांगते, कारण हे खूप जणांना उपयोगी पडेल. घरी आल्यावर मुलीच्या कॉलेजमधल्या एका सरांनी सेटलमेंटचा कागद बघितला आणि म्हणाले ह्यांनी स्टेंट आणि औषधांवर पण एक तृतीयांश कापलंय, ते चालत नाही. 2020 च्या आयआरडीएआयच्या नियमात आहे की हे प्रमाणात कापणं औषधं, कन्झ्युमेबल, इम्प्लांट आणि तपासण्या ह्यांना लावता येत नाही, आयसीयूलाही नाही. स्टेंटची किंमत काय रूम बघून बदलते का, साधी गोष्ट आहे. 76,000 आणि 41,000, मिळून 1,17,000, त्याचे एक तृतीयांश 39,000 चुकीचे कापलेले. मी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला, उत्तर आलं 'पॉलिसीच्या अटींनुसार'. मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, मोबाईलवरूनच होते, सोबत बिल, सेटलमेंटचा कागद आणि त्या नियमाचं पान जोडलं, चार ओळी लिहिल्या, वकील वगैरे काही नाही. साधारण दीड महिन्याने 20 टक्के को-पे वजा करून 31,200 खात्यात जमा झाले. माफी नाही, स्पष्टीकरण नाही. आले नसते तर विमा लोकपालाकडे जाणार होते, तिथेही फुकट आहे आणि वकील लागत नाही.

म्हणजे शेवटचा हिशेब, बिल 2,52,400, कंपनीने दिले 1,64,000, आमचे गेले 88,400, वर अॅम्ब्युलन्सचे 7,000 आणि गाडी-खाणं-राहणं. ट्विनसाठी दोन दिवस थांबलो असतो तर त्यातले रूमचे जास्तीचे आणि 96,000 मधले कापलेले 32,000, म्हणजे को-पे वजा जाता 25,600, वाचले असते. आणि फ्लोटर असल्यामुळे उरलेल्या वर्षात आम्हा पाच जणांना मिळून फार तर 1,36,000 च शिल्लक होते, पावसाळ्यात मुलीला ताप आला तेव्हा पहिला विचार मनात तो आला, आईच्या मनात असा विचार यायला नको खरं तर.

औषधांचं थोडक्यात. डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांची बिलं पाठवली, त्यातले को-पे सोडून पैसे मिळाले, इथे कंपनीने त्रास दिला नाही. त्यानंतरच्या गोळ्या आयुष्यभर आपल्याच खिशातून. महिन्याला 1,800 लागायचे, डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो तर 650 मध्ये होतं. एक गोळी तिथे नसते कधी कधी, ती बाहेरून. डॉक्टरांना न विचारता बदलू नका, रक्त पातळ करायची गोळी एक दिवस चुकली तरी स्टेंटला धोका असतो म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये रिन्यूअल आलं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला त्यामुळे मला वाटलं हप्ता उतरेल, कंपनीने मूळ हप्ताच 31,000 चा 34,000 केला. तरी जीएसटी गेला म्हणून मागच्यापेक्षा अडीच हजार कमीच. पोर्ट करायचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची, असं ठरवलं होतं, त्याला रिन्यूअलच्या 45 दिवस आधी अर्ज लागतो, तो केला, नवीन कंपनीने आम्हा तिघांना घेतलं आणि अण्णांना दोन स्टेंट आहेत म्हणून नाही म्हणून कळवलं. त्यामुळे अण्णा आणि सासूबाई जुन्याच पॉलिसीत, 26,000, आणि आम्ही तिघं रूमची मर्यादा आणि को-पे नसलेल्या 5 लाखांच्या नवीन पॉलिसीत, 15,500. एकूण 41,500. हे म्हणाले अण्णांची काढून टाकूया, कार्ड आहे ना आता, सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि अण्णा स्वतःच म्हणाले, 'माझ्यावर कशाला घालवता गो एवढे'. मला ते जमलं नाही. एकदा सोडली की परत कोणी घेणार नाही, आणि योजनेची खाट मिळेल की नाही कोणास ठाऊक. आहे तोवर भरू.

वय वंदना कार्ड काढायला सेतूत गेलो तर अण्णांचा अंगठाच उठेना. पन्नास वर्षं आंब्याचा चीक आणि कोयती लागून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात, तीनदा पुसून, तेल काढून बघितलं. शेवटी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी आला त्यावर झालं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मोबाईल नंबर आधारला जोडलेला आहे का तेवढं आजच बघा. कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, जुने बीपीचे कागद, ईसीजी आणि पॉलिसीचं पहिलं पान असं सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या पडवीत कॅलेंडरच्या खिळ्याला लावलंय, 155388 हा योजनेचा टोल फ्री नंबर वर स्केचपेनने लिहून.

अण्णांचा पुढचा चेकअप डिसेंबरात आहे, कोल्हापूरलाच. ह्या वेळी दिवसा जाणार आहोत, आरोग्यमित्र (योजनेचा हॉस्पिटलातला माणूस) खिडकीत असतो त्या वेळेत, आणि त्याला आधीच विचारून ठेवणार आहे की परत काही झालंच तर रात्री दोन वाजता ह्या कार्डावर दाखल कोण करून घेतं.